केपटाउन ते व्हिक्टोरिया धबधबा, ट्रकने : लहान गटाची सफर खरोखर जबाबदार आहे, हे कसे ओळखावे?

हळदीचे_शेत (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचा सहा जणांचा गट आहे आणि गेली पंधरा वर्षे आम्ही सागरेश्वर, मायणी, चांदोली येथे पक्षी आणि झाडे पाहायला एकत्र जातो. येत्या मे महिन्यात केपटाउनहून निघून नामिबिया आणि बोट्सवाना पार करून झिम्बाब्वेतील व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जमिनीवरून जाणारी, तीन आठवड्यांची, तंबूत मुक्काम असलेली सफर करावी, असा आमचा विचार आहे. गटातील सर्वांत मोठे सदस्य म्हणजे माझे यजमान, वय ६४. आमच्यापैकी चौघे पूर्ण शाकाहारी आहेत.

दोन कंपन्यांची माहितीपत्रके आमच्यापुढे आहेत. एकीत चाळीस प्रवाशांची बस आणि हॉटेलचा मुक्काम आहे. दुसरीत जास्तीत जास्त बारा प्रवासी, ट्रक आणि तंबू आहेत. ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द दोन्ही पत्रकांवर ठळक अक्षरांत छापलेले आहेत आणि माझी अडचण तिथेच सुरू होते. कासच्या पठारावर गर्दी वाढत गेली ती वर्षे मी जवळून पाहिली आहेत. तेरड्याच्या आणि सीतेच्या आसवांच्या ताटव्यांवर चटया अंथरून डबे खाणारी कुटुंबे पाहिली आहेत आणि पुढे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आल्यावर पठाराला मिळालेली थोडी उसंतही पाहिली आहे. एखादी जागा पाहायला जाणे आणि तिला इजा करणे यांतील अंतर किती कमी असते, हे कळल्यामुळे केवळ पत्रकावरच्या शब्दांवर विसंबून पैसे भरायला मन तयार होत नाही.

ट्रकमधील दिनक्रम आमच्या वयाला झेपेल का? कंपनीचा दावा खरा आहे की नाही, हे सांगलीत बसून तपासता येईल का? आणि लहान गटाच्या पत्रकातही ‘सिंहाच्या बछड्यांसोबत फेरफटका’ असा एक ऐच्छिक कार्यक्रम दिला आहे, त्याकडे कसे पाहावे? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोयनाकाठ (कराड)

ताई, मी आणि माझी पत्नी याच मार्गाने, बारा जणांच्या गटात गेलो होतो. तेव्हा माझे वय ६१ होते. एकवीस दिवसांत आमच्या ट्रकने साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापले. यावरूनच पहिली गोष्ट स्पष्ट व्हावी की, ही सफर म्हणजे रोज प्राणी पाहणे नसून बऱ्याच दिवशी सहा-सात तास रस्त्यावर बसणे असते. नामिबियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक आहे आणि लोकसंख्या सुमारे तीस लाख, म्हणजे जवळपास आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याएवढी. दोन गावांमध्ये दोनशे किलोमीटर काहीही नसते आणि मुख्य रस्ते सोडले तर बहुतेक रस्ते खडीचे असतात. ज्यांना खिडकीबाहेरच्या रिकाम्या माळाकडे तासन् तास पाहणे आवडते त्यांना हा प्रवास आनंद देतो. ज्यांना ते आवडत नाही त्यांनी विमानाने थेट एखाद्या अभयारण्यात उतरावे.

दिनक्रम सांगतो. पहाटे पाच-साडेपाचला उठायचे, स्वतःचा तंबू स्वतः उतरवून गुंडाळायचा, चहा-न्याहारी करून सूर्य वर येण्याआधी निघायचे. आमच्याबरोबर चालक, वाटाड्या आणि स्वयंपाकी मिळून तिघे होते, परंतु भाजी चिरणे, भांडी घासणे, ट्रक झाडणे यांच्या पाळ्या प्रवाशांना लावलेल्या होत्या. तंबू उभारायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि दोन दिवसांत हात बसतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र दोन गोष्टींचा विचार करावा. ट्रकच्या पायऱ्या उंच असतात आणि जमिनीवरच्या गादीवरून रोज उठावे लागते. त्याच मार्गावर खोल्यांत मुक्काम असलेल्या सफरीही असतात, त्या महाग पडतात.

शाकाहाराची चिंता अर्धीच करावी. आधी कळवले तर स्वयंपाकी डाळ, कडधान्ये, भाज्या आणि ‘पाप’ नावाचे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले अन्न देतो, जे आपल्याला उकडीसारखे लागते. विस्तवावर मांस भाजणे हा तेथील जेवणाचा कणा आहे, म्हणून वेगळे भांडे आणि वेगळी जाळी हवी असल्यास नोंदणीच्या वेळीच तसे लेखी मागावे. चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आम्ही नेली होती आणि सीमेवर ती न लपवता दाखवली होती.

मे महिना चांगला आहे. पावसाळा संपलेला असतो, गवत हळूहळू वाळू लागते आणि व्हिक्टोरिया धबधबा भरलेला असतो, इतका की तुषारांच्या ढगामुळे काही जागांवरून समोरचे काहीच दिसत नाही. धबधबा सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल आहे. त्याचे स्थानिक नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे ‘गर्जणारा धूर’, हे मे महिन्यात शब्दशः पटते. प्राणी मात्र जून ते ऑक्टोबर या कोरड्या काळात पाणवठ्यांवर अधिक सहज दिसतात. थंडीला कमी लेखू नका. नामिबच्या वाळवंटात रात्री आम्ही स्वेटर, कानटोपी आणि दोन मोजे घालून झोपत होतो.

नामिबियातील एटोशाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण लहान गटाचा खरा फायदा मला तिथे कळला. हे राष्ट्रीय उद्यान सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दुपटीहून मोठे, आणि त्याच्या मध्यभागी मिठाचे पांढरेशुभ्र कोरडे तळे पसरलेले आहे. ओकाउकुएयो येथील मुक्कामाला लागूनच एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे सोडलेले असतात आणि दगडी भिंतीमागे बाकांवर बसून माणसे पाहत राहतात. आम्ही तिथे चार तास बसलो होतो. आधी कोल्हे आले, मग दोन जिराफ बराच वेळ लांबच उभे राहिले, आणि अकराच्या सुमारास एक काळा गेंडा अंधारातून येऊन पाण्याला तोंड लावून उभा राहिला. आमचे बारा जण एका शब्दाशिवाय बसले होते. त्याच वेळी दुसऱ्या एका गाडीतून मोठा गट आला, त्यांचे बोलणे आणि पिशव्यांचा आवाज ऐकून तो गेंडा पाणी अर्धवट सोडून निघून गेला. चाळीस माणसांना गप्प बसवणे कोणत्याही वाटाड्याला जमत नाही. माझ्या मते लहान गट निवडण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

सातारी_वैद्य (सातारा)

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि या भागात दोनदा गेलो आहे, म्हणून फक्त आरोग्यापुरते लिहितो.

केपटाउन आणि नामिबचे वाळवंट येथे हिवतापाचा धोका नाही. एटोशाच्या परिसरापासून उत्तरेकडे, बोट्सवानातील ओकावांगो व चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा येथे मात्र तो आहे, आणि मे महिना पावसाळ्याला लागून येत असल्याने तो गृहीत धरलाच पाहिजे. प्रतिबंधक गोळ्या आपल्या डॉक्टरांना इतर औषधांची यादी दाखवूनच घ्याव्यात. त्या परतल्यानंतरही ठरलेले दिवस चालू ठेवायच्या असतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. घरी आल्यावर काही महिन्यांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना ‘मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. आपल्याकडे तापाला डेंग्यू समजून दोन दिवस थांबण्याची सवय आहे आणि आफ्रिकेतील फॅल्सिपॅरम हिवताप दोन दिवस थांबत नाही.

पीतज्वराबाबत (यलो फीव्हर) बहुतेकांचा गोंधळ होतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे येथे हा रोग नाही. परंतु मुंबईहून थेट विमान नसल्याने अनेक जण आदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलतात आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही पीतज्वराचे देश आहेत. तिथे मुक्काम लांबला किंवा विमानतळाबाहेर जावे लागले, तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना आणि भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, आणि ते नसल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस घेतली की प्रश्न मिटतो, असे तरुणांना मी सांगतो. पण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर तिच्या गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. म्हणून ६४ वर्षांच्या व्यक्तीसाठी माझा सल्ला असा की, तिकिटाचे थोडे पैसे जास्त गेले तरी दुबई किंवा दोहामार्गे जावे आणि लसीची गरजच टाळावी.

विम्यात दुर्गम जागेतून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचावे. काही कंपन्या वयाची अट घालतात किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, तेही आधीच विचारून घ्यावे.

वारणेवरचा (शिराळा)

ताईंच्या ‘दावा खरा आहे का’ या प्रश्नाला उत्तर देताना मला माझ्या घरापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या आजोबांचे गाव चांदोलीच्या जंगलात होते. अभयारण्यासाठी ते गाव उठले आणि आमचे घर वारणेच्या खालच्या अंगाला नव्या वसाहतीत आले. जंगल राखले गेले याचे मला दुःख नाही; आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, आणि ते असावे असेच मला वाटते. पण जंगल दाखवणाऱ्या गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला तिथे कधीकाळी चुली पेटत होत्या हे कोणी सांगत नाही, आणि जे उठले त्यांच्या हाती त्या पर्यटनातून काय येते, हेही कोणी विचारत नाही. म्हणून आफ्रिकेतील कोणत्याही सफारीबद्दल माझा पहिला प्रश्न असतो की, ही जमीन कोणाची होती आणि आज तिच्यावर ठरवतो कोण.

या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे तुमच्याच मार्गावर शेजारी शेजारी आहेत.

नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी खासगी मळ्यांच्या मालकांना, जे बहुतेक गोरे होते, आपल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क होता. सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांना मात्र तो नव्हता. त्यांच्या वाट्याला हत्तीने मोडलेली पाण्याची टाकी आणि सिंहाने मारलेले वासरू एवढेच येत असे. १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गावांनी एकत्र येऊन, आपली हद्द व सभासद निश्चित करून, ‘कन्झर्व्हन्सी’ नावाची संस्था नोंदवली तर त्या हद्दीतील पर्यटनाचे आणि प्राण्यांचे उत्पन्न त्या संस्थेला मिळू लागले. पहिल्या चार संस्था १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज त्या ऐंशीहून अधिक आहेत आणि देशाच्या सुमारे पंचमांश जमिनीवर पसरलेल्या आहेत. त्या स्वतःचे राखणदार नेमतात, प्राण्यांची मोजणी करतात, झालेल्या नुकसानीच्या नोंदी ठेवतात. हे सगळे सुरळीत चालते असे मी म्हणणार नाही. काही संस्थांचे बरेच उत्पन्न परवान्याने होणाऱ्या शिकारीतून येते, आणि ते आपल्याला रुचणार नाही. पैशांचे वाटप नीट होत नाही, अशा तक्रारीही असतात. तरीसुद्धा निर्णय तिथे राहणाऱ्यांच्या सभेत होतो, आणि माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडतात तेव्हा शेतकऱ्याला भीती आणि पंचनामा एवढेच मिळते; त्या बिबट्याच्या असण्यातून त्याच्या घरात एक रुपयाही येत नाही.

दुसरे उत्तर बोट्सवानातील मध्य कालाहारीचे. ते राखीव क्षेत्र १९६१ मध्ये झाले, तेव्हा तेथील सान (ज्यांना ‘बुशमन’ही म्हणतात) लोकांनी शिकार आणि कंदमुळे यांवर आपल्या पद्धतीने जगावे, हाही एक हेतू होता. पुढे १९९७ आणि २००२ मध्ये त्यांना तिथून बाहेरच्या वसाहतींत हलवण्यात आले. सान लोक न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना बाहेर काढणे बेकायदेशीर ठरवले. तरीही आत परतलेल्यांना कूपनलिकेचे पाणी वापरू दिले जात नव्हते. त्यासाठी पुन्हा लढावे लागले आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो हक्क मान्य केला. पाण्यावाचून माणसांना दिलेला परत येण्याचा हक्क किती पोकळ असतो, हे मी ते वाचताना पुन्हा पुन्हा समजून घेत होतो.

तुमच्या पत्रकात ‘बुशमन लोकांसोबत एक संध्याकाळ’ असे काही असेल तर तो कार्यक्रम कोण चालवते, हे विचारा. नामिबियात ग्रासहुक येथे जु/होआन्सी सान लोकांनी स्वतः चालवलेले जिवंत संग्रहालय आहे. तिथे काय दाखवायचे, किती पैसे घ्यायचे, हे तेच ठरवतात. आग पेटवणे, सापळे लावणे, मुळे ओळखणे हे ते तुम्हाला समोर बसून शिकवतात. लॉजच्या अंगणात पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी नाचायला आणलेली माणसे पाहणे आणि हे, यांची तुलना होऊ शकत नाही.

हळदीचे_शेत (सांगली)

वारणेवरच्या दादांचे लिखाण मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. चांदोलीला आम्ही इतक्या वेळा गेलो, पण उठलेल्या गावांचे अवशेष पाहण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता, याची मला मनापासून खंत वाटते. पुढच्या वेळी जाऊ तेव्हा आपल्याशी बोलून जाऊ.

सिंहाच्या बछड्यांबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. शिवाय आणखी एक प्रश्न मनात आहे. मुंबई ते जोहान्सबर्ग हे अंतर एका बाजूने सुमारे ७,००० किलोमीटर आहे. एवढे विमान-इंधन जाळून पुन्हा आपण स्वतःला जबाबदार म्हणवून घ्यावे का?

जतचा_पशुवैद्य (जत)

बछड्यांबद्दल मी लिहितो, कारण हा विषय माझ्या पेशाच्या जवळचा आहे. कृपया त्या कार्यक्रमाला जाऊ नका आणि तो ठेवणाऱ्या कंपनीला त्याचे कारण विचारा. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह बंदिस्त जागेत पैदास करून वाढवले जातात. बछडे जन्मल्यानंतर काही दिवसांतच आईपासून वेगळे केले जातात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. लहानपणी ते पर्यटकांच्या मांडीवर बसतात, थोडे मोठे झाले की पर्यटकांसोबत चालवले जातात, आणि त्याहून मोठे झाले की कुंपणाच्या आत शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी जातात. माणसाला सरावलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, म्हणून ‘संवर्धनासाठी’ हा त्यांचा दावा टिकत नाही. २०२१ मध्ये तेथील शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर ही पैदास थांबवण्याचे धोरण जाहीर झाले, पण आपण तिकीट काढून तिला आधार देऊ नये. हत्तीवर बसण्याचे कार्यक्रमही याच कारणासाठी टाळावेत.

बोट्सवानात शिरताना तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल. सीमेवर आणि रस्त्यांवरच्या नाक्यांवर सर्वांना खाली उतरवून बुटांचे तळवे औषधी पाण्यात भिजवायला सांगतात, गाडीची चाके त्यातून नेतात आणि कच्चे मांस व दूध पुढे नेऊ देत नाहीत. हे सगळे लाळ्या खुरकत रोगासाठी आहे. जंगली म्हशींमध्ये त्याचा विषाणू राहतो आणि बोट्सवानाला युरोपला गोमांस विकायचे असल्याने गुरे आणि म्हशी वेगळ्या ठेवण्यासाठी शेकडो किलोमीटर लांबीची तारकुंपणे घातलेली आहेत. या कुंपणांनी रोग अडवला आणि पाण्याकडे निघालेले कळपही अडवले. १९८० च्या दशकातील दुष्काळात कालाहारीत हजारो वाइल्डबीस्ट कुंपणाशी आणि पाण्यावाचून मेले. मी स्वतः लाळ्या खुरकतीचे लसीकरण करत जत-आटपाडीत वीस वर्षे फिरलो आहे, त्यामुळे गुरे पाळणाऱ्याची बाजूही मला कळते. तुमचा वाटाड्या त्या कुंपणापाशी गाडी थांबवून दोन्ही बाजू सांगत असेल, तर तो चांगला वाटाड्या आहे असे समजा.

आणि पाण्याबद्दल. बोट्सवानाच्या चलनाचे नाव ‘पुला’ आहे आणि त्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. जतमधल्या माणसाला याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. २०२४ मध्ये या भागात भीषण दुष्काळ पडला होता आणि नामिबियाने लोकांना मांस पुरवण्यासाठी ८३ हत्तींसह ७२३ वन्य प्राणी मारण्याचा निर्णय जाहीर केला होता. अशा भूमीत रोज दोनदा आंघोळ करणे, तंबूजवळ कपडे धुणे हे पाहुण्याने स्वतःहून टाळावे. टँकरच्या रांगेत उभे राहून पाणी भरलेल्यांना हे जमेल.

कोयनाकाठ (कराड)

विमानाच्या प्रश्नावर मी स्वतःशी बराच झगडलो आहे. विमानाने होणारे नुकसान ट्रकमध्ये बसल्याने भरून येत नाही आणि तसे सांगणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवू नये. आम्ही एवढेच ठरवले की जायचे तर एकदाच, पूर्ण वेळ काढून जायचे, त्या भागातील आतली छोटी विमाने टाळायची, आणि पुढची काही वर्षे परदेश प्रवास करायचा नाही. आपण काय ठरवावे हे आपल्यावर आहे, परंतु हा प्रश्न आपण विचारला याबद्दल मला आदर वाटतो.

आता सांगलीत बसून तपासता येईल असे लिहितो. आम्ही निघण्यापूर्वी कंपनीला एक लांब पत्र लिहिले होते आणि निवड उत्तरांवरून केली, किमतीवरून नव्हे. प्रत्येक मुक्कामाची जागा कोणाच्या मालकीची आहे, हे विचारले; ज्या कंपनीने गावाच्या आणि कन्झर्व्हन्सीच्या तळांची नावे एकेक करून दिली तिच्यावर आमचा विश्वास बसला, आणि जिने ‘आम्ही स्थानिकांना मदत करतो’ एवढेच लिहिले तिला आम्ही सोडले. चालक, वाटाडे आणि स्वयंपाकी कोणत्या देशांचे आहेत आणि त्यांना पगार मिळतो की केवळ बक्षिसीवर ठेवले आहे, हे विचारले. गटाची कमाल संख्या ‘साधारण’ आहे की ठाम, हेही विचारावे, कारण दोन गट ऐन वेळी एकत्र केल्याच्या गोष्टी आम्ही वाटेत ऐकल्या. सरपणाबद्दल विचारले. वाळवंटात वाळलेले झाडही पक्ष्यांचे आणि सरड्यांचे घर असते, म्हणून चांगला गट वाटेत लाकूड तोडत किंवा गोळा करत नाही. गॅसवर शिजवतो, आणि शेकोटीसाठी नामिबियात माजलेल्या काटेरी झुडपांपासून केलेला कोळसा विकत घेतो. माहितीपत्रकात उल्लेख नसलेल्या, तिथे गेल्यावर रोख द्यायच्या रकमेबद्दलही विचारा. बऱ्याच ट्रक-सफरींत ती असते आणि ती लहान नसते.

व्हिसाच्या बाबतीत प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून संबंधित दूतावासांकडूनच खात्री करावी. एवढे लक्षात ठेवावे की, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडून परतीच्या विमानासाठी पुन्हा जोहान्सबर्गला यायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. आमच्या गटातील एका जोडप्याने एकाच प्रवेशाचा घेतला होता आणि त्यांना शेवटच्या दिवशी सर्व तिकिटे बदलावी लागली.

आपण वनस्पतिशास्त्राच्या आहात म्हणून दोन गोष्टी मुद्दाम लिहितो. नामिबियाच्या किनाऱ्यावरील स्वाकोपमुंडच्या मागच्या खडकाळ मैदानावर वेल्विट्शिया दिसेल. जन्मभर दोनच पाने वाढवणारी ही वनस्पती हजार वर्षांहून अधिक जगते आणि तिची मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, म्हणून छायाचित्रासाठी अगदी जवळ जाऊ नये. त्याच मैदानावर समुद्राच्या धुक्यावर जगणारे दगडफूल पसरलेले आहे. त्यावरून एकदा गेलेल्या गाडीच्या चाकांचे वण कित्येक दशके पुसले जात नाहीत. वाटाड्याने दाखवले तेव्हा ते वण पाहून मला आपल्या कासच्या कातळावरचे पाय आठवले. चालक रस्ता सोडून गाडी घालू लागला तर प्रवाशांनी एकमुखाने त्याला थांबवावे.

आणि ओकावांगो. तिथे मोठा ट्रक माऊन गावी राहतो आणि पुढे लहान गाड्या आणि मोकोरो नावाच्या उथळ होड्या. पूर्वी त्या मोठ्या झाडांचे खोड कोरून करत. आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या असतात, आणि त्या लांब काठीने ढकलणारे होडीवाले आपापल्या गावांच्या न्यासाचे सभासद असतात. आपल्याकडे कृष्णेला पूर येतो तो पावसाबरोबर, आणि सांगलीकरांना तो कसा येतो हे सांगायला नको. तिथे पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरांत, आणि ते पाणी सपाट वाळूतून हळूहळू सरकत काही महिन्यांनी, आकाशात एकही ढग नसताना पोहोचते. समुद्राला न मिळता ते कालाहारीच्या वाळूत जिरते. आमचा होडीवाला सकाळी एका काठीवर खूण करत असे आणि संध्याकाळी आम्हाला दाखवत असे की पाणी बोटभर चढले आहे. मेच्या अखेरीस तुम्हालाही ते चढते पाणी दिसण्याची चांगली शक्यता आहे.

हळदीचे_शेत (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी आमचा गट आमच्या घरी जमला होता. लहान गटाच्या कंपनीला आम्ही सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यात प्रत्येक मुक्कामाच्या जागेचे नाव व मालकी, कर्मचाऱ्यांचा पगार, गटाची कमाल संख्या, सरपण, रोख द्यायची रक्कम आणि सान लोकांसोबतच्या कार्यक्रमाचे चालक या सर्व बाबी विचारल्या आहेत. बछड्यांचा कार्यक्रम आमच्यासाठी वगळावा एवढेच न म्हणता, तो पत्रकातूनच काढावा अशी विनंती केली आहे आणि पशुवैद्य साहेबांनी लिहिलेले कारण आमच्या शब्दांत दिले आहे. यजमानांच्या वयाचा विचार करून मार्ग दोहाचा ठरवला आहे. आमच्या गटातील एका मैत्रिणीने विमानाच्या मुद्द्यावरून न येण्याचे ठरवले. तिचा निर्णय आम्हा सर्वांना पटण्यासारखा आहे, आणि ती नसल्याने प्रवास उणा वाटेल हेही खरे आहे.

कंपनीचे उत्तर आले की ते जसेच्या तसे, कंपनीचे नाव वगळून, येथे देईन. वारणेवरच्या दादांना वेगळा निरोप पाठवला आहे. पुढच्या महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आम्हाला आपल्या आजोबांच्या गावाकडे जाणारी वाट चालून पाहायची आहे, आपल्याला आणि वन विभागाला चालत असेल तर.

वारणेवरचा (शिराळा)

ताई, निरोप मिळाला. वन विभागाची परवानगी लागेल, तिचा अर्ज मी करतो. माझे चुलते ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना गावठाणातली प्रत्येक विहीर आणि देवळाचा चौथरा कुठे आहे हे माहीत आहे. ते आपल्यासोबत येतील. चालणे सुमारे दोन तासांचे आहे, पाणी सोबत घ्यावे.